पाखर घालणारा देव आणि घरी न परतलेला मुलगा

राहुरी तालुक्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. चार पानांचं आहे, त्यातला मुख्य भाग देते. त्यात उल्लेख आहे ते स्तोत्र ९१ म्हणजे पवित्र शास्त्रातलं, देव आपला आश्रय आहे, तो राखतो, असं सांगणारं स्तोत्र:

"माझं वय ४७. अंगणवाडी सेविका आहे. पाच महिन्यांपूर्वी माझा मुलगा रात्रपाळी करून मोटारसायकलवरून घरी येताना अपघातात गेला. २२ वर्षांचा होता. तो पाळण्यात होता तेव्हापासून मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून स्तोत्र ९१ म्हणायची. त्या दिवशीही म्हटलं, उंबऱ्यातच, तो डबा पिशवीत घालत होता तेव्हा. दफनविधीला पाळकसाहेबांनी तेच स्तोत्र वाचलं आणि मला उठून निघून जावंसं वाटलं. मंडळीतल्या बायका म्हणतात, रडू नका, विश्वासणाऱ्यांनी रडायचं नसतं. एकीनं तर विचारलं, घरात काही पाप लपलंय का. मिस्टर काही बोलतच नाहीत. मुलगी बारावीला आहे, ती म्हणते, मम्मी, आता घरात प्रार्थना नको. मला झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही. पहाटे वाटतं, आपणही त्याच्याकडं जावं. देव आपला आश्रय आहे असं मी शब्बाथ शाळेत लेकरांना वीस वर्षं शिकवलं. तो आश्रय त्या रात्री कुठं होता?"

ताई, सलाम.

पत्र काल दुपारी मिळालं आणि आज सकाळीच उत्तर लिहायला बसले. तुम्ही फोन नंबर दिला असता तर आधी फोनच केला असता. तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, पण मी त्याच्या वरच्या ओळीपाशी थांबणार आहे. ३१ वर्षं परिचारिका म्हणून काम केलंय, ती ओळ ओलांडून पुढं जाणं मला जमत नाही.

आपणही त्याच्याकडं जावं, असं लेकरू गेलेल्या कितीतरी आयांना वाटतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ती नुसती ओढ आहे, की कसं जायचं याचाही विचार मनात येतो, हे तुमचं तुम्हाला माहीत. तसा विचार येत असेल तर हे वाचणं इथंच थांबवा आणि मिस्टरांना, बहिणीला, शेजारणीला, जे कोणी जवळ असेल त्याला आत्ता सांगा. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर लावा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि यातलं काही नसलं तरी पाच महिने झोप नाही, जेवण नाही, ही गोष्ट डॉक्टरला दाखवायची आहे. या आठवड्यात जा. "गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला" असं कोणी म्हणालं तर त्यांना एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगा. तुम्ही ती वीस वर्षं शिकवली आहे.

लेकरांना आपण कर्मेल डोंगरावरचा एलीया शिकवतो, स्वर्गातून अग्नी उतरला तो. त्याच्या पुढचा अध्याय घाईत उरकतो. तिथं तोच एलीया रानात एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं आता, परमेश्वरा, माझा प्राण घे. १ राजे, अध्याय १९. देवानं त्याला एक शब्दही सुनावला नाही. तो झोपला, त्याला झोपू दिलं. मग दूतानं हलवून उठवलं, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. तो जेवला आणि पुन्हा झोपला. दूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खायला लावलं, म्हणाला, तुला फार लांब जायचंय. उपदेश नाही, फटकारणं नाही. देवानं त्याच्याशी बोलणं काढलं ते त्यानंतर बऱ्याच दिवसांनी. मरण मागणाऱ्या माणसाला देवानं पहिली गोष्ट दिली ती झोप आणि भाकर. तुम्हाला आज तेवढंच हवंय, आणि ते देवाकडूनच येतं, मग ते डॉक्टरच्या चिठ्ठीतून का येईना.

पापाबद्दल विचारलं त्या बाईंचं एका परिच्छेदात आटोपते, कारण त्याला त्याहून जास्त जागा द्यायची माझी इच्छा नाही. येशूच्या काळात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती. निव्वळ अपघात. लोक तेव्हाही कुजबुजत असणार, की यांचं काहीतरी असेल. येशूनं स्वतः तो विषय काढला आणि सरळ विचारलं, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का तुम्हाला? आणि उत्तरही त्यानंच दिलं, नाही. लूक, अध्याय १३. पुन्हा कोणी विचारलं तर तेवढं उघडून पुढं करा. बोलायचीही गरज नाही.

"रडू नका" म्हणणाऱ्यांचा मात्र मला राग येत नाही. वाईट वाटतं. त्या घाबरलेल्या असतात. तुमच्या दारात आल्यावर त्यांना आपापली लेकरं दिसतात, आणि तुमचं रडणं थांबलं की त्यांची भीती थांबते. त्या बायका प्रेषित पौलाचं वाक्य पुढं करतात, ज्यांना आशा नाही अशांसारखा खेद करू नका. पण पौलानं खेदच करू नका असं कुठं म्हटलंय? आशा धरून केलेला खेद हाही खेदच असतो, आणि त्याला पाणी डोळ्यांतूनच येतं. त्याच पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलंय, की माझा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला, देवानं माझ्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. स्तोत्र ५६ तर याच्याही पुढं जातं. माझी आसवं तुझ्या बुधलीत भरून ठेव, असं स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो. जो देव आसवं बुधलीत साठवतो, त्याच्या लेकींना आपण डोळे पुसा म्हणून कसं सांगायचं?

आता स्तोत्र ९१. इथं मला जरा वेळ लागेल.

तुम्ही लिहिलंय की ते आता तुमच्या तोंडून निघत नाही. नका म्हणू. खरंच नका म्हणू. पण ते तुम्हाला खोटं बोललं असं जे तुम्हाला वाटतंय, त्याबद्दल मला बोलायचंय. मंडळीत आपण ते स्तोत्र कसं वापरतो, याचा मी बरीच वर्षं विचार करतेय. गाडीच्या काचेवर चिकटवतो, परीक्षेला जाणाऱ्या पोराच्या खिशात घालतो, नव्या घराच्या चौकटीवर लावतो. जणू विम्याची पावतीच. मीही केलंय ते सगळं. पण ताई, सुवार्तेत ते स्तोत्र कोणाच्या तोंडी आहे ते आठवा. मत्तय, अध्याय ४. येशू मंदिराच्या शिरोभागी उभा आहे आणि सैतान त्याला म्हणतो, उडी टाक, कारण लिहिलंय की देव आपल्या दूतांना आज्ञा देईल, तुझ्या पायाला धोंड्याची ठेच लागू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील. बाराव्या वचनापर्यंत म्हटलं आणि सैतान गप्प झाला. पंधराव्या वचनात देव स्वतः बोलतो, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. ते सैतानानं म्हटलंच नाही. ते त्याच्या कामाचं नव्हतं, कारण तिथं संकट येणार हे धरलेलंच आहे. त्या स्तोत्राला हमीपत्र करणारा पहिला कोण होता, हे कळलं तेव्हा मला धक्काच बसला होता.

येशूनं उडी टाकली नाही. आणि पुढं जेव्हा त्याला खरंच झेलायला कोणीतरी हवं होतं, तेव्हा कोणीच झेललं नाही. खिळे ठोकले गेले. खाली त्याची आई उभी होती. त्यानं आधी स्तोत्र २२ म्हटलं, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? शेवटच्या श्वासाला स्तोत्र ३१ मधली ओळ म्हटली, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो. हे ३१ वं स्तोत्र सुरूच होतं देवाचा आश्रय धरण्यापासून. म्हणजे ज्याला कोणी झेललं नाही त्याच्या ओठांवर शेवटी आश्रयाचंच स्तोत्र होतं. "का केलास" आधी आलं, हेही विसरू नका. तुम्ही अजून "का"वर असाल तर तुम्ही देवापासून लांब गेलेल्या नाही. त्याच्या पुत्रानं ज्या ओळीवर दुपार काढली त्याच ओळीवर आहात.

आता त्या स्तोत्रातला एकच शब्द घेते. चौथ्या वचनात आपल्या मराठी पवित्र शास्त्रात म्हटलंय, तो तुझ्यावर पाखर घालील. शहरातल्या पोरांना पाखर म्हणजे काय ते सांगावं लागतं. तुम्हाला नाही लागणार, तुमच्या दारात कोंबड्या असतील.

माझं लहानपण मिशनच्या कंपाउंडात गेलं, वडील शाळामास्तर होते. आईनं कोंबड्या पाळल्या होत्या. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एका रात्री वाऱ्या-पावसात खुराड्याचा पत्रा उडाला. आम्हाला सकाळी कळलं. तांबडी कोंबडी भिंतीच्या कडेला पंख पसरून बसलेली होती. पाठीवरची पिसं भिजून कातडीला चिकटली होती, शेपटीवरून थेंब गळत होते, मान आत ओढलेली. आई जवळ गेली तशी ती गुरगुरली, पण जागची हलली नाही. मग पंखांखालून एकेक पिल्लू बाहेर यायला लागलं. कोरडी, फुगलेली, ऊबदार. मी मोजत होते. अकरा होती, दहा निघाली. अकरावं खालीच होतं, मेलेलं. तेही कोरडंच होतं. कशानं गेलं ते कळलं नाही. आईनं दाणे टाकले, दहा पिल्लं दाण्यांवर धावली, पण कोंबडी त्या एकाजवळून उठायला तयार नव्हती. दुपार झाली तरी उठली नाही.

ही गोष्ट मी दाखला म्हणून सांगत नाही. पाखरेखालचं पिल्लू गेलं कसं, याचं उत्तर मला तेव्हा मिळालं नाही आणि साठी ओलांडल्यावरही मिळालेलं नाही. तुमचा मुलगा का गेला हे मला माहीत नाही. जो कोणी तुम्हाला ते माहीत असल्यासारखं सांगेल, त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण यरुशलेमेकडं बघून येशूनं स्वतःला कशाची उपमा दिली ते मला माहीत आहे. गरुडाची नाही, सिंहाची नाही. कोंबडी आपली पिल्लं पंखांखाली घेते तसं तुला घ्यावं असं कितीदा माझ्या मनात आलं, म्हणाला. ते बोलल्यावर थोड्याच दिवसांत त्याच शहराबाहेर त्याला मारलं. त्यामुळं "तो आश्रय त्या रात्री कुठं होता" या तुमच्या प्रश्नाला मी एवढंच म्हणू शकते, माझा विश्वास म्हणून: तो रस्त्यावर तुमच्या मुलाजवळ होता, तुम्ही पोहोचायच्या आधीपासून, आणि तिथून उठलेला नाही. हे तुम्हाला आज पटायलाच हवं असं नाही. मी ते तुमच्यासाठी धरून ठेवते, तुम्हाला हवं तेव्हा मागून घ्या.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचं उदाहरण तुम्हाला कोणीतरी दिलं असेलच. आपल्याकडं प्रत्येक दुःखी बाईला देतात. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७० च्या दशकातल्या दुष्काळात थोड्याच अवधीत गेले, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोवर नवरा पटकीनं गेला. पुढं दुष्काळातल्या शेकडो मुलींना त्यांनी केडगावला आणून छप्पर दिलं. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. पण सांगणारे इथंच थांबतात. १९२१ च्या जुलैमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, चाळिशीची. रमाबाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या, पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं. त्या ते करत राहिल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये, नऊ महिने भरायच्या आत, त्याही गेल्या. भाषांतर त्यांच्या पश्चात १९२४ साली छापून निघालं. लोकांना त्यात फक्त विश्वास दिसतो. मला त्या महिन्यांत एक आई दिसते, जी हिब्रू शब्दाला मराठी शब्द शोधते आहे आणि जिची लेक आता घरात नाही. त्या काम करत राहिल्या म्हणून तुम्हीही कामाला लागा, असं मी मुळीच म्हणत नाही. एवढ्या मोठ्या बाईलाही लेकीचं जाणं सोपं गेलं नसणार, एवढंच म्हणते.

आणखी एक आई आहे, रूथच्या पुस्तकातली नामी. नवरा गेला, दोन तरणे मुलगे गेले. बेथलेहेमला परत आली तेव्हा गावातल्या बाया म्हणाल्या, ही नामीच ना? तर ती म्हणाली, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू म्हणा, सर्वसमर्थानं माझं आयुष्य कडू केलंय. भर रस्त्यात, सगळ्यांसमोर. चार अध्यायांचं पुस्तक आहे, त्यात कुठंही तिला कोणी दटावत नाही. आणि देव तिच्याशी आकाशातून एक शब्द बोलत नाही. तिची सून रूथ तिच्याजवळ राहते, शेतातून सातू गोळा करून आणते, स्वतःच्या जेवणातलं उरवून सासूला देते. तेवढंच घडत जातं. ज्याच्या शेतात ती सातू वेचते तो बवाज रूथला म्हणतो, ज्या देवाच्या पंखांखाली तू आश्रयाला आलीस तो तुला प्रतिफळ देवो. पुढच्या अध्यायात रूथ त्याच बवाजला म्हणते, तुमचं पांघरूण माझ्यावर घाला. मूळ हिब्रूत पंख आणि पांघरुणाचा काठ, दोन्हींना शब्द एकच आहे. देवाचा पंख हवा असेल तर आधी तुझा काठ पसर, असंच जणू ती त्याला सांगते.

म्हणून आता कामाच्या गोष्टी सांगते.

माझे यजमान गेले त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा सांत्वनाला शंभर माणसं आली असतील. कोण काय बोललं त्यातलं आज मला काहीही आठवत नाही. आठवते ती मागच्या गल्लीतली एक बाई. ती आमच्या मंडळीतली नव्हती, आमच्या धर्माचीही नव्हती. दहाव्या-बाराव्या दिवशी आली, माझ्या केसांकडं बघितलं, आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली आणि मला पाटावर बसवून डोक्याला तेल लावलं. गुंता सोडवायला तिला तासभर लागला. एक शब्द बोलली नाही. वेणी घातली, हात धुतले, गेली. त्या रात्री मी पहिल्यांदा झोपले. सांत्वनदाता देव हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण त्याचे हात कसे असतात ते मला त्या दिवशी कळलं. तुमच्या गावात अशी एक तरी बाई असेल. कदाचित ती तुमच्या अंगणवाडीतली मदतनीसच असेल. तिला बोलवा. काय हवंय ते मोकळेपणानं सांगा, माझ्याजवळ बस, माझी भांडी घास, बोलू नकोस.

रविवारी मंडळीत जायचं की नाही? जावंसं वाटलं तर जा, मागच्या बाकावर दाराजवळ बसा, म्हणजे उठून जाता येईल. गीत म्हणवत नसेल तर नुसतं ऐका. तुम्ही वीस वर्षं इतरांसाठी प्रार्थना म्हटली, आता काही महिने इतरांनी तुमच्यासाठी म्हणू दे. पाळकसाहेबांना एकटं भेटून सांगा, की स्तोत्र ९१ सध्या मला सहन होत नाही. चांगला पाळक असेल तर त्याला वाईट वाटणार नाही, तो खुर्ची ओढून बसेल. नाहीच जावंसं वाटलं तर घरी थांबा. काही वाचायचंच असेल तर ८८ वं वाचा. ते स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी धन्यवादाची एकही ओळ नाही, तरी त्याला पवित्र शास्त्रात जागा मिळाली आहे.

लेकीला प्रार्थनेसाठी जबरदस्ती करू नका, आणि तिच्या रागाला घाबरूही नका. देव नाहीच असं तिला वाटत असतं, तर तिनं त्याच्यावर एवढा राग कशाला धरला असता? लाजराच्या दोन्ही बहिणींनी येशूला तोंडावर सुनावलं होतं, आपण इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. भाऊ गेलेल्या बहिणीचं वाक्य आहे ते, तुमच्या लेकीचंच. मरीयेला त्यानं काही समजावून सांगितलं नाही. तो रडला. तुम्हीही तिच्यासमोर रडा. सध्या बाथरूममध्ये नळ सोडून रडता असं लिहिलंय, ते बंद करा. तिला वाटत असेल घरात एकटी तीच दुःखी आहे. मिस्टरांचंही तसंच. पुरुषाला समोरासमोर बसून बोलायला लावलं तर तो उठून जातो. त्यांच्याबरोबर कबरस्तानात जा, गवत काढा, दगड पुसा. हात कामात असले की तोंड उघडतं.

त्याची मोटारसायकल अंगणात ताडपत्रीखाली आहे, दीर म्हणतात विकून टाका, असंही तुम्ही लिहिलंय. आत्ता विकू नका. पहिलं वर्ष संपेपर्यंत घरातलं काहीच विकू नका, त्याचे कपडेही कोणाला देऊ नका. घाई इतरांना आहे, तुम्हाला नाही.

एक गोष्ट उरली. चार पानांत तुम्ही "तो", "माझा मुलगा", "पोरगा" असंच लिहिलंय. तिसऱ्या पानावर एका ठिकाणी काहीतरी लिहून गिरवून टाकलंय, बहुतेक तिथं त्याचं नाव होतं. पुढच्या पत्रात ते लिहा. मी इथं छापणार नाही, रोजच्या प्रार्थनेच्या माझ्या वहीत लिहून ठेवीन. आणि त्या दिवशी डब्यात काय दिलं होतं, तेही लिहा.